विश्लेषण : विमा विकणारी माणसे का थकतात? बीबीसारख्या गावात हा थकवा लपत का नाही?

विमा प्रतिनिधी म्हटले की हसरा चेहरा, हातात डायरी आणि न थांबणारा फोन डोळ्यांसमोर येतो. या हसऱ्या चेहऱ्यामागचा थकवा मात्र फारसा चर्चेत येत नाही. जास्त तास, जास्त टार्गेट, जास्त प्रवास ही त्याची कारणे आहेतच. पण मोठे कारण वेगळे आहे. मनाला जे पटत नाही ते रोज तोंडाने सांगावे लागते, आणि जे ठाऊक आहे ते गिळावे लागते. लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात ग्राहक हाच शेजारी, नातेवाईक किंवा शाळासोबती असतो. त्यामुळे हे अंतर तिथे अधिक टोचते. हा थकवा येतो कुठून आणि त्याचा भुर्दंड विमा घेणाऱ्याला कसा बसतो, याचा हा आढावा.

बीबीत ‘विमावाला’ म्हणजे नेमका कोण?

बीबी हे बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. आजूबाजूचा शिवार सोयाबीन, कापूस आणि तुरीचा, बराचसा पावसाच्या भरवशावरचा. अशा गावात लोक ज्यांना ‘विमावाले’ म्हणतात, ती चार वेगवेगळी माणसे असतात.

पहिला, आयुर्विमा महामंडळाचा म्हणजे एलआयसीचा किंवा खासगी कंपनीचा प्रतिनिधी. तो पगारी नोकर नसतो. पॉलिसी निघाली आणि हप्ता आला तर कमिशन, नाहीतर काही नाही. दुसरा, बँकेच्या काउंटरवरचा कर्मचारी. त्याला पगार असतो, पण विमा विकण्याचे उद्दिष्टही असते. तिसरा, पीकविमा कंपनीचा तालुका प्रतिनिधी, बहुधा कंत्राटी तरुण. आणि चौथा, शेतकऱ्यांचे पीकविम्याचे अर्ज भरून देणारा सीएससी केंद्रचालक.

चौघांची कामे वेगळी आणि मिळकतही वेगळी. पण गावाच्या नजरेत चौघेही एकच. सोयाबीनच्या नुकसानीचे पैसे आले नाहीत म्हणून चिडलेला शेतकरी जीवन विम्याच्या प्रतिनिधीलाही ऐकवतो, ‘तुमच्या विम्याचं काही खरं नाही, भाऊ.’

बर्नआउट म्हणजे फक्त दमणे का?

नाही. दिवसभर राबून आलेला शीण झोपेने जातो. बर्नआउट झोपून जात नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द कामाच्या संदर्भात वापरला. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा जुनाट ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था, असे त्याचे वर्णन आहे. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे.

विम्याच्या धंद्यात दुसरे लक्षण सर्वांत आधी दिसते. ‘लोकांना काय, काहीही विका’ असे एखादा जुना प्रतिनिधी म्हणू लागला, तर तो मुळातच लबाड आहे असे मानण्याची घाई करू नये. अनेकदा ती थकव्याची भाषा असते.

खरेपणाचा याच्याशी काय संबंध?

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. त्यांनी विमानातील सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास केला होता. सेविकेला मनात नसताना हसावे लागते, वसुलीवाल्याला मनात नसताना रागवावे लागते. या कामाचाही मोबदला पगारात धरलेला असतो, पण त्याची मोजदाद कुठेच होत नाही.

त्यांनी यात दोन प्रकार पाडले. एक, आत काहीही असो, चेहऱ्यावर हवा तो भाव आणणे. दुसरा, तो भाव मनातही जागवण्याचा प्रयत्न करणे. नंतरच्या अनेक अभ्यासांत पहिल्या प्रकाराचा, म्हणजे वरवरच्या मुखवट्याचा, भावनिक थकव्याशी अधिक ठळक संबंध आढळला.

विमा प्रतिनिधीला हे तंतोतंत लागू पडते. ज्या पॉलिसीवर त्याचा स्वतःचा विश्वास आहे ती विकताना दहा घरे फिरूनही तो इतका थकत नाही. विश्वास नसलेली एक पॉलिसी गळी उतरवताना मात्र तो आतून रिकामा होतो. इथे खरेपणा म्हणजे ‘जे जाणतो तेच सांगतो’ इतकी साधी गोष्ट. ही मुभा किती उरते, यावर थकवा बराचसा ठरतो.

आयुर्विम्यात हे अंतर कुठे पडते?

एक उदाहरण घेऊ. समजा, तिशीतल्या शेतकऱ्याने वर्षाला २४,००० रुपये हप्त्याची वीस वर्षांची बचत पॉलिसी घेतली. वीस वर्षांत तो ४ लाख ८० हजार रुपये भरेल. मुदतीअखेर बोनससह ९ लाख रुपये मिळाले, असे धरू. ‘पैसे जवळजवळ दुप्पट’ असे सांगितले तर ते खोटे नाही. पण हप्ते दरवर्षी भरले आहेत हे लक्षात घेऊन हिशेब केला, तर वार्षिक परतावा साडेपाच ते पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो.

हा परतावा वाईट आहे असे नाही. सक्तीची बचत होते, अधेमधे मृत्यू आला तर घराला रक्कम मिळते. पण घरातला एकटा कमावता माणूस, डोक्यावर पीककर्ज, दोन लहान मुले असतील, तर पहिली गरज मोठ्या रकमेच्या संरक्षणाची असते. ती टर्म इन्शुरन्सने, म्हणजे शुद्ध मुदत विम्याने, कितीतरी कमी हप्त्यात भागते. मात्र मुदत संपेपर्यंत माणूस जगला तर साध्या टर्म विम्यात काहीच परत मिळत नाही, हे गावात पटवणे अवघड. शिवाय हप्ता कमी म्हणून कमिशनही कमी.

प्रतिनिधीला ही दोन्ही गणिते येतात. तो कोणते सांगेल, हे त्याच्या स्वभावावर जितके अवलंबून आहे, तितकेच कमिशनच्या रचनेवरही आहे.

कमिशनचे गणित काय सांगते?

एलआयसीने १ ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या योजना नव्या नियमांनुसार बदलल्या, तेव्हा पहिल्या वर्षाचे कमिशन कमाल ३५ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आणले आणि नूतनीकरणाचे ५ टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांपर्यंत वाढवले. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ८,४०० रुपये मिळायचे तिथे ६,७२० मिळतील. पुढच्या हप्त्यांवर १,२०० ऐवजी १,८०० मिळतील, पण पॉलिसी चालू राहिली तरच.

या बदलाला प्रतिनिधींच्या संघटनांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. खेड्यात एक पॉलिसी काढायला पाच-सहा चकरा होतात, पेट्रोल स्वतःचे, आणि कमाईचा मोठा भाग पहिल्याच वर्षी येतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर बदलाची दिशा ग्राहकाच्या हिताची आहे. पॉलिसी विकण्यापेक्षा ती टिकवण्याला थोडे अधिक मोल आले.

त्याच वेळी आणखी एक बदल लागू झाला. पूर्वी अनेक बचत पॉलिसी दोन वर्षांच्या आत मोडल्या तर हातात काहीच पडत नसे. आता पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरला असेल तर, पॉलिसीचे एक वर्ष झाल्यावर ठरावीक सरेंडर मूल्य मिळते. चुकीची पॉलिसी गळ्यात पडलेल्या माणसाचे नुकसान त्यामुळे काहीसे कमी होते.

‘पहिला हप्ता मी भरतो’ ही सवय कशी घातक ठरते?

गावोगाव चालणारी ही पद्धत आहे. ग्राहक नाही म्हणतो, वर्षअखेर जवळ येते, तेव्हा प्रतिनिधी मिळणाऱ्या कमिशनमधून हप्त्याचा काही भाग सोडतो. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देणेही गुन्हा आहे आणि घेणेही. दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

कायद्याची भीती फार कमी जणांना वाटते. खरा फटका वेगळा असतो. सवलतीवर घेतलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडते. प्रतिनिधीच्या खिशातले पैसे गेलेले, नूतनीकरणाचे कमिशन बुडालेले, आणि ग्राहक रस्त्यात भेटला की दोघेही नजर चुकवतात. पुढच्या वर्षी तोच खड्डा भरायला आणखी दोन सवलतीच्या पॉलिसी. धावपळ वाढते, हातात उरते कमी.

विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘इर्डाई’, पॉलिसी किती टिकतात याचे प्रमाण तेराव्या महिन्यापासून एकसष्टाव्या महिन्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पाहते. कागदावर तो टक्केवारीचा तक्ता असतो. गावात त्याचा अर्थ सरळ असतो : पाच वर्षांनंतरही किती घरांत हा माणूस ताठ मानेने चहा प्यायला जाऊ शकतो?

फॉर्ममधील एक खोटे शब्द किती महाग पडतो?

प्रस्ताव अर्जात तंबाखू, दारू, रक्तदाब, मधुमेह, आधीची शस्त्रक्रिया यांचे प्रश्न असतात. खरे लिहिले तर वैद्यकीय तपासणी लागते, हप्ता वाढतो, कधी प्रस्ताव नाकारला जातो. म्हणून ‘नाही लिहून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. अनेकदा अर्ज प्रतिनिधीच भरतो, ग्राहक फक्त सही करतो.

विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार, पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. मात्र त्या तीन वर्षांत मृत्यू झाला आणि महत्त्वाची माहिती दडवल्याचे दिसले, तर दावा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा नॉमिनी म्हणून समोर बसलेली विधवा स्त्री कंपनीला ओळखत नसते. ती ओळखते तिच्या दिराच्या मित्राला, ज्याने फॉर्म भरला होता.

शहरात प्रतिनिधी शाखा बदलतो, कंपनी बदलतो, नंबरही बदलतो. बीबीत त्याच घरासमोरून रोज जावे लागते. दोन मिनिटांच्या ‘नाही’चे ओझे असे वर्षानुवर्षे सोबत राहते. ते टाळायचे असेल तर उपाय एकच : अर्ज ग्राहकाच्या समोर वाचून भरणे आणि जे आहे ते लिहिणे.

पीकविम्यात राग कोणावर निघतो?

इथे अडचण उलटी आहे. तालुका प्रतिनिधी सहसा खोटे बोलत नाही. पण ज्या निर्णयांत त्याचा काडीचाही हात नाही, त्यांचा तो चेहरा होतो.

पंतप्रधान पीक विमा योजना खरीप २०१६ पासून सुरू झाली. राज्य सरकारने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा आणला. अर्ज प्रचंड वाढले, बोगस अर्जही उघड झाले. मग २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के झाला. त्याहून मोठा बदल म्हणजे, स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे आणि काढणीनंतरचे नुकसान हे भरपाईचे निकष त्या हंगामापासून वगळले गेले. भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारित उत्पादनावर आली.

त्याचा हिशेब असा. मागील सात वर्षांतील सर्वाधिक उत्पादनाच्या पाच वर्षांची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. राज्यात हा स्तर ७० टक्के आहे. समजा, मंडळाची सरासरी हेक्टरी १,४०० किलो. म्हणजे उंबरठा उत्पादन ९८० किलो. यंदा मंडळात सरासरी ७३५ किलो निघाले, तर तूट २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये धरली तर भरपाई १२,५०० रुपये. पण उत्पादन १,००० किलो निघाले, म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास २९ टक्के कमी, तरी भरपाई शून्य.

आणि हे सारे मंडळाच्या सरासरीवर. एखाद्याचे शेत नाल्याकाठी असेल आणि पूर्ण वाहून गेले, पण मंडळातील बाकी पीक बरे असेल, तर त्याला काही मिळत नाही.

मग प्रतिनिधी लोकांना काय सांगतो?

अतिवृष्टी झाली की पहिला फोन त्याला जातो. ‘साहेब, पंचनाम्याला कधी येता?’ पूर्वी ७२ तासांत पूर्वसूचना द्या, असे सांगून तो निदान काही करत असल्याचे दिसायचे. निकष वगळल्यावर सांगायला उरले ते एवढेच की वैयक्तिक नुकसानीचा पंचनामा या विम्यात धरला जात नाही. खरे बोलले तर शिव्या, गोलमोल बोलले तर महिनाभराने आणखी शिव्या.

या रागाला बुलढाणा जिल्ह्यात पार्श्वभूमी आहे. पीकविमा आणि सोयाबीन-कापसाचा भाव या प्रश्नांवर रविकांत तुपकर यांच्या नेतृत्वाखाली जिल्ह्यात मोठी आंदोलने झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बुलढाण्यातील आंदोलन चिघळले आणि अटकाही झाल्या. शेतकऱ्यांचा राग खरा आहे. पण विमा हप्त्याचे दर, जोखीमस्तर, निकष हे मंत्रालयात आणि दिल्लीत ठरतात. कापणी प्रयोग महसूल, कृषी आणि ग्रामविकास विभागांचे कर्मचारी करतात. तालुक्यातला कंत्राटी तरुण यांतले काहीच बदलू शकत नाही. अधिकार शून्य आणि जबाबदारी पूर्ण, ही रचना कोणत्याही धंद्यात माणसाला जाळते.

सीएससी चालकाचीही तीच गत. शेतकऱ्याच्या अर्जामागे त्याला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर अडखळतो, केंद्रावर रांग लागते. आणि पैसे आले नाहीत की ‘फॉर्म तूच चुकवला असशील’ हे ऐकायलाही तोच.

बँकेच्या काउंटरवर काय घडते?

कर्जाच्या कागदांसोबत विम्याचा फॉर्म पुढे सरकवला जातो, ही तक्रार राज्यभर ऐकू येते. पीककर्ज किंवा घरकर्ज हवे असलेला माणूस नाही म्हणायला कचरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतील एका कार्यक्रमात केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांकडून होणाऱ्या विम्याच्या चुकीच्या विक्रीवर बोट ठेवले. अशा विक्रीमुळे कर्जदाराचा खर्च अप्रत्यक्षपणे वाढतो, असा त्यांचा मुद्दा होता.

काउंटरवरचा तरुण हे रोज पाहतो. त्याच्या मोबाइलवर दर दोन तासांनी गटात संदेश येतो : आज किती लॉगिन झाले? नावानिशी यादी टाकली जाते, शून्यवाल्यांचे नाव सर्वांत खाली. गावातल्या शाखेत समोर बसलेला म्हातारा त्याला ‘बेटा’ म्हणून बोलतो. पासबुक वाचता न येणाऱ्या माणसाची सही घेताना त्याचा हात थांबतो. तो थांबला तर बदलीची भीती, न थांबला तर रात्रीची झोप जाते.

हा धंदा मुळात असा होता का?

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९ जानेवारी १९५६ रोजी जाहीर झाले, तेव्हा अर्थमंत्री होते महाराष्ट्राचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख. त्यांनी आकाशवाणीवरून देशाला ही माहिती दिली. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्थांचे विलीनीकरण होऊन एलआयसी उभी राहिली. काही खासगी कंपन्यांतील गैरव्यवहार थांबवणे आणि विमा खेड्यापर्यंत नेणे, हे त्यामागचे हेतू होते.

खेड्यापर्यंत विमा नेला तो प्रतिनिधींनीच. आज त्यांची संख्या १३ लाखांहून अधिक आहे. बँक नव्हती, मोबाइल नव्हता, तेव्हा सायकलवर फिरून हप्ता गोळा करणारा हा माणूस अनेक घरांना बचतीची सवय लावून गेला. मुलीच्या लग्नाला, मुलाच्या कॉलेजला वेळेवर आलेली रक्कम ही त्याची खरी कमाई होती. या धंद्याचा मान अशा विश्वासावर उभा राहिला, आणि थकव्यात सर्वांत आधी तोच झिजतो.

सरकारने काही केले का?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये एलआयसीच्या प्रतिनिधींसाठी काही लाभ मंजूर केले. ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाली. प्रतिनिधींचे स्वतःचे मुदत विमा संरक्षण ३,००० ते १०,००० रुपयांवरून २५,००० ते दीड लाख रुपयांपर्यंत वाढले. दुसऱ्यांना लाखोंचा विमा विकणाऱ्या माणसाचे स्वतःचे संरक्षण इतकी वर्षे किती तोकडे होते, हेही या आकड्यांवरून कळते.

९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘विमा सखी’ योजनेत १८ ते ७० वयोगटातील दहावी उत्तीर्ण महिलांना प्रतिनिधी म्हणून घेतले जाते. पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन, कमिशन वेगळे. त्यासाठी वर्षाला किमान २४ पॉलिसींसारख्या अटी आहेत. पुढच्या वर्षीचे विद्यावेतन मिळण्यासाठी आधीच्या वर्षी काढलेल्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू असाव्या लागतात.

ही शेवटची अट चांगली आहे, कारण ती टिकणाऱ्या पॉलिसीला महत्त्व देते. धोकाही तिथेच आहे. गावात पहिल्या २४ पॉलिसी बचत गटातल्या मैत्रिणी आणि माहेर-सासर मिळून निघतात. दुसऱ्या वर्षी नवी घरे शोधावी लागतात. तेव्हा गरज ओळखून विकायचे प्रशिक्षण मिळाले नसेल, तर हातात उरतो तो नात्यांवरचा ताण.

थकवा ओळखायचा कसा? आणि करायचे काय?

ठरावीक नंबर पाहून फोन न उचलणे, एखाद्या घरासमोरून जाणे टाळणे, रविवारी संध्याकाळी छातीत धडधड, घरच्यांवर विनाकारण चिडणे, ‘आपल्याला काही येत नाही’ हा विचार पुन्हा पुन्हा येणे. असे काही आठवडे चालले तर ते अंगावर काढू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

कामात करता येण्याजोग्या गोष्टी अशा :

• विकण्याआधी घराचा हिशेब विचारावा : कर्ज किती, कमावते किती, मुले केवढी. पॉलिसी नंतर.

• परतावा सांगताना एकूण रकमेसोबत वार्षिक टक्काही सांगावा.

• अर्ज ग्राहकासमोर वाचूनच भरावा.

• हप्ता सोडण्याची सवय एकदाच मोडावी. त्या वर्षी कमाई घटेल, पण पुढच्या वर्षीचा खड्डा टळेल.

• जे आपल्या हातात नाही, ते ‘माझ्या हातात नाही’ असे पहिल्याच दिवशी सांगावे आणि कोणाच्या हातात आहे, तेही सांगावे.

विकास अधिकारी आणि शाखा व्यवस्थापकांनाही एक गोष्ट आजपासून करता येईल : गटात नावानिशी शून्याची यादी टाकणे थांबवणे, आणि आढावा बैठकीत ‘किती काढल्या’सोबत ‘किती टिकल्या’ हेही विचारणे.

ग्राहकाने काय करावे?

खरे बोलणाऱ्या प्रतिनिधीला टिकवणे ग्राहकाच्याही हातात आहे. पॉलिसी घेताना चार प्रश्न विचारावेत : मी उद्या गेलो तर घराला नेमके किती मिळतील? दोन वर्षांनी हप्ता जमला नाही तर काय होईल? वार्षिक परतावा किती टक्के? तुम्ही अर्जात माझ्याबद्दल काय लिहिले? हप्त्यात सूट मात्र मागू नये.

पॉलिसीची कागदपत्रे मिळाल्यापासून ३० दिवस ‘फ्री लुक’ मुदत असते. पटले नाही तर पॉलिसी परत करता येते आणि किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर ‘बिमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक आहे. त्यानंतर ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पीकविम्यासाठी १४४४७ ही कृषी रक्षक हेल्पलाइन आहे. तालुका प्रतिनिधीवर ओरडण्यापेक्षा तिथे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक हातात असलेला बरा.

थोडक्यात काय?

विमा हा वचनाचा धंदा आहे. आज घेतलेले पैसे उद्याच्या संकटात परत येतील, एवढेच त्यात विकले जाते. हे वचन देणाऱ्या माणसालाच त्यावर विश्वास उरला नाही, तर तो थकतो आणि त्याच्या थकव्याची किंमत ग्राहक मोजतो : चुकीची पॉलिसी, बंद पडलेला हप्ता, नाकारलेला दावा. कमिशनचा थोडा भार पहिल्या वर्षाकडून पुढच्या वर्षांकडे सरकला, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. पीकविम्यात अधिकार आणि जबाबदारी यांचा मेळ अजून बसायचा आहे. तोवर बीबीतल्या प्रतिनिधीसमोरचा रोजचा प्रश्न कायम राहील : यंदाचे टार्गेट गाठायचे की वीस वर्षांची ओळख जपायची? दोन्ही एकत्र जमावे, अशी रचना करणे हे कंपन्यांचे आणि सरकारचे काम आहे.